वाचकांचे प्रश्न: गावात अनेक भाषा, शाळेत एक

भाषा आणि शिक्षण यांविषयी आलेल्या पत्रांपैकी या अंकासाठी निवडलेली पत्रे मराठवाड्यातली आहेत. प्रत्येक पत्राचा आशय थोडक्यात देऊन त्याखाली उत्तर दिले आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : ‘उदगीर परिसरातील बहुभाषिकता आणि प्राथमिक शिक्षण’ हा विषय मी पीएच.डी.साठी निवडला आहे. ‘तुमची मातृभाषा कोणती?’ आणि ‘तुम्हाला आणखी कोणत्या भाषा येतात?’ या दोन प्रश्नांवर आधारलेली प्रश्नावली घेऊन घरोघर जाण्याचा विचार आहे. एवढ्यावर काम भागेल का?
(संशोधक विद्यार्थिनी, उदगीर)

भागणार नाही. हेच दोन प्रश्न जनगणनाही विचारते, आणि त्यांतून काय निसटते हे आपण आधी पाहावे. २०११च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या मातृभाषांचे गट केल्यावर प्रकाशित यादीत १२१ भाषा उरल्या. तांड्यावरच्या माणसाने ‘लमाणी’ (म्हणजे बंजारा) असे उत्तर दिले, तर ते तक्त्यात हिंदीच्या पोटात जाते. अशी नोंद त्या वर्षी देशभरात ३२ लाखांहून अधिक लोकांची होती. घरात दखनी, म्हणजे दक्षिणेकडची उर्दू, बोलणारे कुटुंब बहुधा ‘उर्दू’ असे सांगते. मातृभाषेखेरीज येणाऱ्या जास्तीत जास्त दोनच भाषा लिहून घेतल्या जातात, त्यामुळे चौथ्या भाषेला तक्त्यात जागाच नाही. देशातले सुमारे २६ टक्के लोक द्विभाषिक आणि सुमारे ७ टक्के त्रिभाषिक, हा आकडा आपण वाचतो तेव्हा तो लोकांनी स्वतःविषयी सांगितलेल्या माहितीवर उभा आहे, हे लक्षात ठेवावे. बाजारात कानडी समजणारा, दर घासाघीस करून ठरवणारा, पण कानडी वाचता न येणारा माणूस ‘मला कानडी येत नाही’ असेच सांगण्याची शक्यता मोठी आहे.

आपले क्षेत्र तर असे आहे की जिल्ह्याची हद्द आणि भाषेची हद्द तिथे कधीच एक नव्हती. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्याच कायद्याने किनवट तालुका आदिलाबादमधून इकडे आला, तर मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे नांदेडमधून तिकडे गेली. रेषा कागदावर सरकली, पण सोयरीक, बाजार आणि यात्रा जागच्या जागी राहिल्या. बहुभाषिकता हा या भागात बाहेरून आलेला नवा प्रकार नाही. ती रोजच्या व्यवहाराची जुनी घडण आहे.

म्हणून ‘कोणती भाषा येते?’ याऐवजी ‘कोण, कोणाशी, कुठे, कोणत्या कामासाठी, कोणती भाषा बोलतो?’ असे विचारावे. जोशुआ फिशमन यांनी १९६५ मध्ये हाच प्रश्न समाजभाषाविज्ञानाच्या मध्यभागी आणला आणि भाषेच्या वापराची क्षेत्रे वेगळी काढून पाहण्याची रीत घालून दिली. आपल्याकडे ती क्षेत्रे सहज दिसतात: घर, शेत, आडत, किराणा दुकान, दर्गा किंवा देऊळ, दवाखाना, तहसील कचेरी, शाळेचा वर्ग आणि शाळेचे मैदान. त्यांत आता मोबाइलची भर घालावी, कारण आवाजी निरोपाची भाषा आणि टंकलेल्या निरोपाची भाषा एकाच माणसाकडे वेगळी असू शकते. घरातल्या नात्यांचीही स्वतंत्र नोंद घ्यावी. आजी नातवाशी, सून सासूशी आणि भावंडे आपसांत कोणत्या भाषेत बोलतात, हे तीन वेगळे प्रश्न आहेत; एखादी भाषा पुढच्या पिढीकडे जाते आहे की थांबते आहे, हे तिथेच कळते.

केवळ विचारूनही पुरेसे होत नाही. विल्यम लेबॉव्ह यांनी दाखवून दिलेली अडचण प्रत्येक क्षेत्रीय अभ्यासकाला भेटते: कोणी पाहत नसताना लोक कसे बोलतात हे आपल्याला हवे असते, आणि ते मिळवण्यासाठी पाहावे तर लागतेच. वही उघडून बसलेल्या शिकलेल्या पाहुणीसमोर माणसे पुस्तकी मराठी बोलतील. म्हणून आधी गावात वावरावे, पुन्हा पुन्हा जावे, आणि मग पूर्वपरवानगीने ध्वनिमुद्रण करावे. परवानगी ज्या भाषेत समोरच्याला नीट समजते त्या भाषेत घ्यावी. मुलांचे मुद्रण असेल तर पालकांची संमती घ्यावी, आणि शिवाय त्या मुलालाही विचारावे. मुद्रण कुठे ठेवले जाईल आणि कोण ऐकेल, हे न सांगता घेतलेली सही ही संमती नव्हे.

भाषा शेजारी नांदतात तेव्हा नेमके काय होते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावी मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यांचे निरीक्षण करून जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये असे मांडले की पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने त्या गावातल्या या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली आहे की पुष्कळ वाक्ये शब्दास शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत नेता येतात. शब्दसंग्रह मात्र वेगळा राहिला, कारण घराची आणि समाजाची ओळख त्याच्याशी बांधलेली होती. आपल्या भागातही या शेजाराच्या खुणा सापडतात. ‘येतो म्हणून म्हणाला’ ही आपली रचना, दखनीतले ‘आतूं बोलके बोल्या’ आणि कानडीतले ‘बर्तीनि अंत हेळिद’ एकाच साच्यातली आहेत: आधी बोललेले वाक्य, मग ‘म्हणून’, ‘बोलके’ किंवा ‘अंत’, आणि शेवटी क्रियापद. उत्तरेकडच्या प्रमाण उर्दूत ही घडण नाही. अशा खुणांची उदाहरणे आपण उदगीरच्या बाजारात गोळा केलीत, तर तो प्रबंधाचा स्वतंत्र भाग होऊ शकेल. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण केले आहे. त्यातली लातूर आणि नांदेड जिल्ह्यांची सामग्री आपण क्षेत्रात उतरण्याआधी ऐकावी.

प्रबंधाचा शिक्षणाकडचा भाग हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेक प्रबंधांत कच्चा राहतो. परीक्षेतल्या गुणांचा तक्ता ‘मातृभाषा मराठी’ आणि ‘मातृभाषा इतर’ अशा दोन रकान्यांत विभागला की निष्कर्ष निघाल्यासारखा वाटतो, परंतु त्या दोन रकान्यांतल्या मुलांच्या घरची शेती, पालकांचे शिक्षण, हंगामी स्थलांतर आणि शाळेतली हजेरीही वेगळी असते. हे घटक बाजूला न काढता गुणांतला फरक भाषेच्या माथी मारणे हा मुलांवर अन्याय आहे. त्यापेक्षा काही दिवस वर्गात मागच्या बाकावर बसून पाहावे: शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर कोणती मुले गप्प राहतात, तीच मुले मधल्या सुट्टीत आणि खिचडीच्या रांगेत कोणत्या भाषेत भरभरून बोलतात, आणि एखादा मुलगा दुसऱ्याला गणित समजावून सांगताना कोणती भाषा वापरतो.

प्रश्न : घरी मराठी, शेजारी उर्दू आणि शाळा इंग्रजी. साडेतीन वर्षांची मुलगी एका वाक्यात तिन्ही भाषांचे शब्द बोलते. नातेवाईक म्हणतात, तिच्याशी घरीही इंग्रजीच बोला, नाहीतर तिचा गोंधळ होईल. काय करावे?
(पालक, लातूर)

घरी मराठीच बोलावे, भरपूर बोलावे, आणि शेजारच्या उर्दूलाही अडवू नये. या वयात भाषा मिसळून बोलणे हे गोंधळाचे लक्षण नाही. जो शब्द ज्या भाषेत आधी हाताशी येतो तो मूल वापरते, आणि समोर कोण आहे हे पाहून भाषा बदलण्याचे भान त्याला फार लवकर येते. मूल एकाही भाषेत वयाला साजेसे बोलत नसेल, तर मात्र भाषा कमी करण्याच्या सल्ल्यावर न थांबता आधी त्याची श्रवणशक्ती तपासून घ्यावी.

गोंधळाची भीती कुठून आली, तेही सांगतो. १९२३ मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या मुलांच्या बुद्धिमापनावरून द्विभाषिक मुले मागे पडतात असा निष्कर्ष काढला होता. तो फरक ग्रामीण मुलांतच दिसला होता, शहरी मुलांत दिसला नव्हता, आणि घरच्या परिस्थितीचा हिशेब नीट घेतलेला नव्हता. तरीही त्या समजुतीने पुढची अनेक वर्षे राज्य केले. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमध्ये साधारण समान सामाजिक स्तरातली दहा वर्षांची मुले घेऊन तुलना केली, तेव्हा द्विभाषिक मुले सरस ठरली. त्या अभ्यासालाही मर्यादा होती, कारण दोन्ही भाषा सारख्याच चांगल्या येणारी मुले निवडताना मुळातच हुशार मुले निवडली गेली असण्याची शक्यता राहते. द्विभाषिकतेने बुद्धी वाढते की नाही यावर आजही वाद आहे. तिने नुकसान होते, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही, आणि आपल्या निर्णयाला एवढा आधार पुरतो.

घरची मराठी सोडून मोडकी इंग्रजी बोलण्यात खरा तोटा आहे. आजीची गोष्ट, कारण विचारणारे प्रश्न, भांडण आणि समजूत या सगळ्यांतून मुलाची विचार मांडण्याची ताकद वाढते, आणि ती आई-वडिलांच्या सर्वांत समृद्ध भाषेतच वाढू शकते. एका भाषेत कमावलेली ही ताकद दुसऱ्या भाषेतल्या शिक्षणाला उपयोगी पडते, असे जिम कमिन्स यांचे प्रतिपादन आहे. शिवाय, कॅनडात स्थलांतरित होऊन आलेल्या मुलांच्या अभ्यासातून त्यांनी असेही दाखवले की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतपत तयारी साधारण दोन वर्षांत होते, परंतु त्या भाषेत अभ्यासाचे विषय पेलण्यास पाच ते सात वर्षे लागतात. इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारी मुलगी इंग्रजीत विज्ञान समजून घेते आहे, असे गृहीत धरू नये.

प्रश्न : माझी शाळा तांड्यावर आहे. पहिलीत येणारी जवळजवळ सर्व मुले घरी बंजारा बोलतात आणि मला ती भाषा येत नाही. पहिले काही महिने मुले बोलतच नाहीत. दसऱ्यानंतर काही कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा झालेलेही मोडते. शाळा मराठी माध्यमाची आहे. मी वर्गात बंजारा येऊ दिली तर मराठी मागे पडेल का?
(प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा)

मागे पडणार नाही. उलट, बंजारा वर्गाबाहेर ठेवली तर मराठी उशिरा येईल, आणि जी येईल ती पाठांतराची असेल. आपल्याकडे मराठी ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाची मातृभाषा आहे असे धरून पहिलीचे पुस्तक उघडले जाते. तांड्यावरच्या मुलाला मात्र भाषा आणि अक्षर दोन्ही एकदमच नवी असतात. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० सालापासून आहे, म्हणजे ती त्याची तिसरी भाषा झाली. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासननिर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या वादात दोन्ही बाजूंनी ‘तिसरी भाषा’ असे म्हटले जात होते, पण या मुलासाठी ती चौथी ठरली असती. हे फारसे कोणी बोलले नाही, याचे मला दुःख वाटते.

कायद्याचा आधार आपल्या बाजूला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हटले आहे. राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयीची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. पाठ्यपुस्तके बंजारात नाहीत म्हणून हा आग्रह निरर्थक ठरत नाही, कारण तोंडी व्यवहाराला पुस्तक लागत नाही.

सुरुवात अशी करता येईल. पहिल्या सत्रात गप्पा, गोष्टी, गाणी आणि वस्तूंची ओळख बंजारात होऊ द्यावी. त्यासाठी तांड्यावरची एखादी आई, आजी किंवा शिकलेली मुलगी वर्गात बोलवावी. मुले जे बोलतील ते देवनागरीत फळ्यावर लिहावे, कारण आपण बोललेले लिहिता येते हे मुलाला पहिल्यांदा आपल्याच भाषेत कळले की वाचनाचे मर्म हाती लागते. ‘याडी’ हा आईसाठीचा बंजारा शब्द ज्याला वाचता आला, त्याला त्याच लिपीत ‘आई’ वाचायला शिकवणे सोपे जाते. त्यानंतर तीच गोष्ट मराठीत सांगावी, दोन्ही भाषांतली वाक्ये शेजारी लिहावी, आणि मराठीचा वाटा हळूहळू वाढवावा. आपण स्वतः रोजच्या वापरातले शंभर-दोनशे बंजारा शब्द मुलांकडूनच शिकून घ्यावे. बाई आपल्याकडून शिकतात हे पाहिल्यावर गप्प मुले बोलू लागतात.

हे नुसते सदिच्छेचे बोलणे नाही. ओडिशातल्या कंध आदिवासी मुलांत काही गावांत कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा टिकल्या होत्या, तर काही गावांत कुई मागे पडून मुले केवळ ओडिया बोलत होती. समाज तोच आणि परिस्थितीही सारखी, त्यामुळे वेल्सच्या अभ्यासात राहिलेला दोष इथे टळला. अजित मोहंती यांच्या तुलनेत भाषेविषयी विचार करण्याच्या आणि आकलनाच्या कसोट्यांवर दोन्ही भाषा येणारी मुले पुढे होती. ओडिशाने २००७ पासून आदिवासी भाषांतून सुरुवात करून राज्यभाषेकडे नेणारे बहुभाषिक शिक्षण सरकारी शाळांत सुरू केले, आणि ते करताना समाजातल्याच शिकलेल्या तरुणांना शिक्षक म्हणून घेतले. आपल्या राज्यानेही तांड्यांसाठी हा विचार करायला हवा.

ऊसतोडीचा प्रश्न एकट्या शिक्षिकेने सुटणारा नाही. मूल आई-वडिलांच्या कोयत्यामागे फडावर जाते तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातली मराठी किंवा सीमेपलीकडची कानडी त्याच्या कानांवर पडते. ते परत येते तेव्हा त्याची हजेरी मोडलेली असते, पण भाषा वाढलेल्या असतात. शक्य तिथे हंगामी वसतिगृहाचा लाभ मिळवून मुलाला गावातच ठेवावे. जे मूल जाऊन परत येते, त्याला ‘मागे राहिलेला’ असे न म्हणता फडावर काय पाहिले, काय ऐकले ते सांगायला लावावे आणि ते लिहून घ्यावे. त्याच्या वाचनाचा पहिला पाठ त्याच्याच तोंडून मिळेल.

प्रश्न : निजामाच्या राजवटीत आमच्या वडिलांचे शिक्षण उर्दूतून झाले. उर्दू लादली गेली म्हणून मराठवाडा मागे राहिला, असे म्हणतात. दुसरीकडे उस्मानिया विद्यापीठाचे कौतुकही ऐकतो. खरे काय मानावे?
(निवृत्त मुख्याध्यापक, परभणी)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हैदराबाद संस्थानात १८८०च्या दशकात राज्यकारभारातून फारसी गेली आणि उर्दू आली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देऊन दाखवले. त्यासाठी भाषांतरविभाग स्थापन करून विज्ञान, वैद्यक आणि कायद्याची परिभाषा घडवली. भारतीय भाषांना हे पेलणार नाही म्हणणाऱ्यांना ते आजही उत्तर आहे. परंतु ती भाषा कोणाची होती? संस्थानातली जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू, साधारण चौथा हिस्सा मराठी आणि दहा टक्क्यांहून अधिक प्रजा कानडी बोलणारी होती; उर्दूचा वाटा एक दशांशाच्या आसपास होता. वरच्या वर्गात जायचे, नोकरी मिळवायची तर मराठी मुलाला उर्दूचा उंबरा ओलांडावा लागे. १९२१ मध्ये हिप्परग्याला निघालेली राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईतले शैक्षणिक कार्य यांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. भाषा भारतीय आहे एवढ्यानेच ती मुलाच्या जवळची ठरत नाही, आणि हा धडा आज आपण मराठीच्या नावाने तांड्यावर किंवा किनवटच्या कोलामी, गोंडी बोलणाऱ्या पाड्यांवर विसरू नये.

त्याच वेळी राजवटीविषयीचा राग भाषेवर काढणे योग्य नव्हे. वली आणि सिराज हे उर्दू कवी औरंगाबादचे. पैठणच्या एकनाथांनी हिंदुस्थानीतही रचना केल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आणि निजामकाळच्या महसुली नोंदी, मुंतखब (इनामाची मान्यतापत्रे) आणि सनदा वाचणारी माणसे आपण तयार केली नाहीत, याची अडचण २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा साऱ्या मराठवाड्याला जाणवली.

माझी आपल्याला विनंती आहे. १९४८ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आता नव्वदीकडे आले आहेत. आपल्या ओळखीतल्या अशा वृद्धांना भेटून त्यांच्या शाळेविषयी सविस्तर विचारावे: पुस्तक कोणत्या भाषेत होते, गुरुजी समजावून कोणत्या भाषेत सांगत, पाढे कोणत्या भाषेत म्हणत, मार कशासाठी बसे, आणि १९४८ नंतर माध्यम बदलले तेव्हा मधल्या वर्गांतल्या मुलांचे काय झाले. कागदपत्रांतून शाळांची संख्या मिळेल, ही उत्तरे मिळणार नाहीत.

प्रश्न : निबंधात विद्यार्थी ‘तू काय करायलास’ असे लिहितात. बोलीचा मान राखावा म्हणतात, पण परीक्षेत गुण जातात. तांबडी रेघ मारावी की नाही?
(माध्यमिक शिक्षक, नांदेड)

संवादलेखनात, कथेत किंवा अनुभवाच्या लेखनात पात्राच्या तोंडी ‘करायलास’ आले असेल तर रेघ मारू नये. तिथे तेच योग्य आहे. अर्ज, अहवाल आणि परीक्षेचा निबंध यांत प्रमाण रूप लागते, आणि ते न शिकवणे म्हणजे मुलाला पुढच्या दारांपासून दूर ठेवणे होय. म्हणून ‘चूक’ असा शेरा न लिहिता ‘अर्जात असे लिहितात’ असे लिहून शेजारी ‘करत आहेस’ हे रूप द्यावे. महिन्यातून एक तास असा ठेवावा की त्यात मुले घरच्या बोलण्यातली क्रियापदांची रूपे स्वतः जमवतील, त्यांचा तक्ता करतील आणि त्यांतला नियम शोधतील. ‘करायलो, करायलास, करायलाय’ यांतली शिस्त प्रमाण मराठीइतकीच पक्की आहे. हा तक्ता मुलांनी स्वतः केला की व्याकरणाच्या पुस्तकातले काळ शिकवायलाही आपल्याला सोपे जाईल. वर्गात देगलूर-धर्माबादकडची तेलुगू बोलणारी किंवा घरी दखनी, पंजाबी बोलणारी मुले असतील, तर त्याच तक्त्यात त्यांच्या भाषेसाठी एकेक रकाना वाढवावा.